गाण्याच्या व्हिडिओतून सिनेमाच्या दिग्दर्शनाकडे जाता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: वय 25, तासगावजवळचं गाव, दोन वर्षांत सात अल्बम साँग दिग्दर्शित केली, त्यातलं एक यूट्यूबवर बऱ्यापैकी चाललं. आता सिनेमा करायचाय. गाण्यांतून सिनेमाकडे वाट जाते का, फिल्म स्कूल लागतं का, आणि तोवर यावर पोट भरतं का?

मी 22 वर्षं या कामात आहे. सुरुवातीची पाच वर्षं सहायक होते, मग गाण्यांचे व्हिडिओ आणि जाहिराती केल्या, आणि आजवर दोन मराठी सिनेमे दिग्दर्शित केले. ही वाट मी स्वतः चालले आहे, म्हणून जरा लांबून सांगते.

वाट जाते. जालंधरला जन्मलेले तरसेम सिंग अमेरिकेत शिकायला गेले आणि 1991 मध्ये आर.ई.एम. या बँडच्या एका गाण्याचा त्यांनी केलेला व्हिडिओ एमटीव्हीच्या पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्तम ठरला. त्यांचा पहिला सिनेमा आला 2000 साली. आपल्याकडे प्रदीप सरकार यांनी आधी जाहिरातींत आणि नव्वदीच्या पॉप अल्बमच्या काळात कितीतरी देखणे व्हिडिओ केले. 2005 मध्ये त्यांचा पहिला सिनेमा 'परिणीता' आला तेव्हा ते 50 वर्षांचे होते. रवी जाधव मुंबईच्या जे.जे. कला संस्थेतून उपयोजित कला शिकून जाहिरातीत गेले आणि तिथून 2010 मध्ये 'नटरंग' घेऊन आले. म्हणजे छोट्या कामातून मोठ्या पडद्याकडे जाणारे बरेच आहेत. मात्र मधली वर्षं मोजा. एक गाणं गाजलं आणि पुढच्या वर्षी सिनेमा मिळाला, असं माझ्या पाहण्यात फार क्वचित झालंय.

त्या मधल्या वर्षांत नेमकं काय शिकायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून त्यावर जास्त लिहिते.

गाण्याचा व्हिडिओ करताना सगळ्यात अवघड काम तुमच्या आधीच कोणीतरी करून ठेवलेलं असतं. संगीतकारानं वेळ बांधलेली असते. मुखडा परत कधी येणार, अंतऱ्याआधी किती थांबायचं, ढोलकी कुठे उठणार, शेवट कुठे होणार, सगळं ठरलेलं असतं. तुम्ही त्या चार मिनिटांत चित्रं बसवता. एखादं चित्र कच्चं पडलं तरी गाणं प्रेक्षकाला सोडत नाही. सिनेमात ही वेळ तुम्हाला बांधावी लागते, तीही माणसांच्या बोलण्यातून, बघण्यातून आणि गप्प राहण्यातून. गाण्यात कितीही तयार झालेला दिग्दर्शक सिनेमात अडतो तो इथेच.

माझ्या पहिल्या सिनेमाच्या पहिल्याच दिवशी एक साधा प्रसंग होता. नवरा-बायको रात्री जेवायला बसलेत. नवऱ्याची नोकरी गेलीय आणि त्यानं ते अजून घरात सांगितलेलं नाही. पानात आमटी वाढताना बायकोच्या ते लक्षात येतं. एवढंच. मी गाणी करून आलेली, त्यामुळे शॉट डिव्हिजन (प्रसंग कोणकोणत्या शॉटमध्ये तोडायचा ते) भरगच्च होतं. वाफेचा क्लोज, पळीचा क्लोज, बोटांचा क्लोज, ट्रॉलीवरून सरकत येणारा दोघांचा टू शॉट, ताटावरचा टॉप अँगल. दिवसभरात 23 शॉट घेतले आणि युनिटनं वाहवा केली. आठवड्यानं एडिटला बसलो तर तो प्रसंग मेलेला होता. एकेक फ्रेम सुंदर, पण बायकोला कोणत्या क्षणी कळलं तेच कुठे नव्हतं. माझे संकलक माझ्यापेक्षा वयानं खूप मोठे. त्यांनी दोन-तीनदा पुढे-मागे करून पाहिलं आणि विचारलं, "बाई, हिनं त्याच्याकडे बघितलं कधी?" मी बघायलाच लावलं नव्हतं. पळी दाखवण्याच्या नादात माणूस राहून गेला होता. मग मी तेच केलं जे गाणीवाला माणूस करतो: खाली संगीत टाकून पाहिलं. संगीतानं प्रसंग हलला, जिवंत झाला नाही. पुढच्या शेड्यूलमध्ये उरलेल्या अर्ध्या दिवसात तो परत घेतला, तीन शॉटमध्ये. त्यातला एक जवळजवळ दोन मिनिटांचा. सिनेमा पाहिलेले लोक अजून त्या प्रसंगाबद्दल बोलतात.

तेव्हा तुम्हाला पहिलं काम सांगते, त्याला पैसे लागत नाहीत. एक खोली, दोन माणसं, तीन मिनिटं. संगीत नाही, स्लो मोशन नाही, ड्रोन नाही, हातातला कॅमेरा स्थिर ठेवणारा गिंबल नाही. कॅमेरा स्टँडवर. दोघांपैकी एकाला काहीतरी हवंय आणि दुसऱ्याला ते द्यायचं नाहीये. आई आणि मुलगा, शेताच्या कागदावर सही. दोन भाऊ, एकाच मोटारसायकलची चावी. शूट करा, जोडा, आणि घरातल्या ज्या माणसाला सिनेमात रस नाही त्याला दाखवा. तो मोबाईलकडे वळला तो क्षण लिहून ठेवा, त्याच्या आधीच्या वीस सेकंदांत चूक सापडेल. असे दहा प्रसंग करा. त्यातला निदान एक मायबोलीच्या तुमच्या सांगलीकडच्या वळणात असू द्या. ती बोली तुमच्या कानात आहे, पुण्या-मुंबईच्या दिग्दर्शकाला ती शिकावी लागते.

याचा अर्थ सात गाण्यांत वेळ वाया गेला असा अजिबात नाही. गाणी जे शिकवतात ते इतक्या लवकर आणि इतक्या स्वस्तात दुसरं काहीच शिकवत नाही. एका दिवसात चार पेहराव, तीन लोकेशन आणि मावळतीच्या आधी शेवटचा अंतरा, अशी शर्यत धावलेला माणूस सेटवर घाबरत नाही. शिवाय गाण्यामुळे फ्रेमचा हिशेब अंगात मुरतो. गाण्याची लय मिनिटाला 96 ठोक्यांची असेल आणि तुम्ही सेकंदाला 24 फ्रेमवर काम करत असाल, तर एका ठोक्याला बरोबर 15 फ्रेम येतात. केरवा या तालाच्या आठ मात्रांना 120. हा हिशेब माहीत असला की शॉट किती लांब घ्यायचा ते सेटवरच कळतं. नवीन मुलं प्रत्येक कट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मारतात. दोन आवर्तनांनंतर प्रेक्षकाला पुढचा कट आधीच कळू लागतो आणि डोळा थकतो. मी समेचा कट दोन-तीन फ्रेम आधी घेते, कारण नवीन चित्र डोळ्यात बसायला क्षणभर लागतो, आणि काही वेळा सम पूर्ण सोडून देते. सोडलेली समच जास्त ऐकू येते. तबल्याच्या मैफलीला बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्लेबॅकचा, म्हणजे सेटवर गाणं वाजवून त्यावर ओठ हलवण्याचा, एक मुद्दा सांगते, कारण छोट्या युनिटमध्ये यावर सर्रास चुका होतात. ओठ गाण्याशी जुळलेले आणि ओढणी, केस मात्र संथ, असा परिणाम हवा असेल तर सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं आणि कॅमेरा 48 फ्रेमवर चालवायचा. 24 वर पाहिलं की हालचाल निम्म्या वेगाची होते आणि ओठ मूळ गाण्यावर बसतात. नवख्या कलाकाराला दुप्पट वेगात गाणं जमत नाही, तोंड वेडंवाकडं होतं. तिथे दीडपट गाणं आणि 36 फ्रेम घ्या. आदल्या दिवशी दोन्ही वेगांचे ट्रॅक बनवून त्याला पाठवा, म्हणजे तो घरी सराव करून येईल. दुसरी गोष्ट दिव्यांची. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. 24 फ्रेमला शटर 1/50 सेकंदावर आणि 36 किंवा 48 फ्रेमला 1/100 वर ठेवलं तर चित्र लुकलुकत नाही. स्वस्त एलईडी तरीही दगा देतात. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते दिसत नाही, म्हणून आदल्या रात्री त्याच दिव्यांत चाचणी घेऊन मोठ्या पडद्यावर पाहा. लग्नाच्या हॉलमधल्या झगमगाटावर एका गाण्याचा माझा अख्खा अंतरा यामुळे फुकट गेला होता.

आता फिल्म स्कूल. पुण्याची एफटीआयआय ही सरकारी फिल्म संस्था 1960 पासून प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओत आहे. तिथल्या तीन वर्षांत तुम्हाला कॅमेरा आणि ध्वनीपेक्षा मोठी गोष्ट मिळते: चुका करायची मुभा, आणि पुढे आयुष्यभर एकत्र काम करणारे पाच-सहा जण. प्रवेश परीक्षा देशभरातली असते, दिग्दर्शनाला जागा अगदी थोड्या असतात. पदवी झाली असेल तर परीक्षा जरूर द्या, मात्र निकालाची वाट बघत दोन-तीन वर्षं काढू नका. एफटीआयआय आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून पुण्यात महिनाभराचं रसास्वाद शिबिर घेत आले आहेत. मी सहायक असताना सुट्टी काढून ते केलं. रोज सिनेमे आणि त्यावर चर्चा. जगभरात लोकांनी शांततेचं काय काय केलंय ते पहिल्यांदा तिथे पाहिलं.

शाळेशिवायची परंपराही आपली फार जुनी आहे, आणि ती तुमच्या घरापासून तासा-दीड तासावर सुरू झाली. व्ही. शांताराम 1920 मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले आणि पडेल ते काम करत शिकले. 1929 मध्ये सहकाऱ्यांसोबत प्रभात काढली तेव्हा सेटचं एकही खातं त्यांना परकं नव्हतं. बाबूराव स्वतः नाटकाचे पडदे रंगवणारे चित्रकार. आपल्या काळातलं बघायचं तर करमाळ्याजवळच्या जेऊरचे नागराज मंजुळे नगरला शिकत होते, तेव्हा त्यांनी 'पिस्तुल्या' ही छोटी फिल्म केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिच्यात जे होतं ते महागड्या कॅमेऱ्यानं आलेलं नव्हतं.

स्वतः दिग्दर्शक म्हणवून घेतल्यावर पुन्हा सहायक व्हायला मन धजत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मी म्हणेन, एका तरी सिनेमावर पहिल्या नरेशनपासून (कथा ऐकवण्यापासून) फायनल मिक्सपर्यंत (आवाजाच्या शेवटच्या जुळणीपर्यंत) सहायक राहा. मालिकेवर नको, सिनेमावर. आणि शक्य झालं तर कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळतंय का ते बघण्याचं काम, मागून घ्या. हे काम कोणाला आवडत नाही, पण प्रत्येक शॉट कुठून कुठे जोडला जाणार हे सेटवर दिग्दर्शकाच्या खालोखाल फक्त त्या माणसाला माहीत असतं. कपबशी कोणत्या हातात होती इथपासून सुरू होतं, आणि सहा महिन्यांनी तुम्हाला आपोआप कळू लागतं की हा शॉट एडिटमध्ये टिकणार नाही. मग शूट संपल्यावर एडिटच्या खोलीत बसायची परवानगी मागा. बोलायचं नाही, बसायचं. मी पाच वर्षांत जे शिकले त्यातलं निम्मं त्या खोलीतल्या मागच्या खुर्चीवर बसून शिकले.

एक धोका गाणीवाल्यांना विशेष असतो. तुम्हाला सिनेमा मिळेल तेव्हा निर्माता म्हणेल, गाणी कोरिओग्राफर बघून घेईल, तुम्ही फक्त सीन सांभाळा. आपल्याकडे ही पद्धत पक्की आहे. कोरिओग्राफरचं कसब मोठं आहे, त्यात वाद नाही. पण गाण्याच्या आधी पात्र कुठे उभं होतं आणि गाणं संपल्यावर त्याच्यात काय बदललेलं असणार, हे दिग्दर्शकानं लिहून दिलं नाही तर सिनेमा चार मिनिटं थांबतो. लोक त्या वेळात पॉपकॉर्न आणायला उठतात. माझ्या दुसऱ्या सिनेमात मी प्रत्येक गाण्यासाठी एक पानभर टिपण दिलं: गाण्यात शिरताना मुलीला काय माहीत नाही आणि बाहेर पडताना काय माहीत झालंय. कोरिओग्राफरनं ते वाचून दुसऱ्या अंतऱ्यातला सगळा ग्रुप डान्स स्वतःहून काढून टाकला. तो अंतरा त्या सिनेमातला मला सर्वात प्रिय भाग आहे.

पोट भरण्याबद्दल. नुसत्या गाण्यांवर भरतं, पण महिन्यागणिक नाही. लग्नसराई, गणपती, शिवजयंती यांच्या आधी कामं तुंबतात आणि गणपतीचं काम सोडलं तर पावसाळ्यात फोन वाजत नाही. कोळीगीतं आणि खानदेशातली अहिराणी गाणी यांनी यूट्यूबवर स्वतःचा मोठा प्रेक्षक उभा केलाय, तिथे वर्षभर काम चालतं. पश्चिम महाराष्ट्रातून तिकडे जाऊन काम करायला हरकत नाही. तालुक्यातल्या दुकानांच्या, दूध संघांच्या, शाळांच्या छोट्या जाहिराती करायला लाजू नका. तरसेम सिंग यांनी त्यांचा दुसरा सिनेमा बराचसा स्वतःच्या पैशांनी केला. जाहिरातींच्या शूटिंगसाठी देशोदेशी जावं लागे, तिथल्या जागा हेरून ठेवत आणि सुमारे चार वर्षं 20 हून जास्त देशांत तो तुकड्या-तुकड्यांनी चित्रित केला. जोधपूर आणि आभानेरीची पायऱ्यांची विहीर त्यात आहे. जाहिरातीची कमाई सिनेमात घालणं ही कमीपणाची गोष्ट नाही.

पैशांच्या व्यवहारात मी सुरुवातीला एक घोडचूक केली. एका निर्मात्यानं गाणं ठोक रकमेत माझ्यावर सोपवलं: युनिट, जेवण, गाड्या, सगळं त्यातच. दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला, शूट वाया गेलं आणि वाढीव दिवसाचा खर्च माझ्या खिशातून गेला. ते फेडायला मला सात महिने लागले. तेव्हापासून दिग्दर्शनाचं मानधन वेगळं आणि निर्मितीचा खर्च वेगळा, असे दोन कागद मी करते. पाऊस, आजारपण, लोकेशनची परवानगी नाकारली जाणं, यांचा वाढीव खर्च कोणाचा, हे त्यात एका ओळीत लिहिते. मानधन तीन हप्त्यांत: सही होताना, शूटच्या आधी, आणि फायनल फाइल हातात देण्याच्या आधी. शेवटचा हप्ता नंतरवर गेला की तो येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि कायदा. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे आणि त्याच्या व्याख्येत चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नाही. 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला, दिग्दर्शकाला तसं काही दिलं नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि दिग्दर्शकांच्या संघटनांनी त्यासाठी लढलंच पाहिजे. पण तोवर तुमचं नाव, ते कुठे आणि किती मोठं येणार, यूट्यूबच्या वर्णनात येणार की नाही, कामाचा भाग स्वतःच्या शोरीलमध्ये (निवडक कामाच्या व्हिडिओत) वापरता येईल की नाही, हे सगळं फक्त करारातून मिळतं. व्हिडिओ पाच कोटी वेळा पाहिला गेला आणि दिग्दर्शकाचं नाव कुठेच नाही, असं मी जवळून पाहिलंय. दुसरी बाजूही सांभाळा: जुन्या गाण्याची चाल घेऊन व्हिडिओ करत असाल तर ध्वनिमुद्रणाचा आणि शब्द-चालीचा हक्क वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतो. दोन्हींची लेखी परवानगी निर्मात्यानं घेतली आहे का, ते शूटच्या आधी डोळ्यांनी बघा.

सिनेमासाठी निर्मात्याकडे जाल तेव्हा गाण्यांचा शोरील दाखवू नका. निदान आधी दाखवू नका. चांगले फ्रेम दिसले की निर्माता म्हणतो, छान, पुढचं आमचं गाणं तूच कर. मी चार वर्षं अशीच गाणी करत राहिले, कारण माझ्या पोतडीत दुसरं काही नव्हतंच. त्या दहा प्रसंगांतला सर्वात चांगला प्रसंग दाखवा, आणि सोबत वन-लाइन नव्हे, पूर्ण लिहिलेली पटकथा ठेवा. लिहिणारा मित्र शोधा किंवा स्वतः लिहा, पण कागद हवा. पटकथेची नोंदणी करून घ्या. मराठी सिनेमाच्या नावाची नोंदणी कोल्हापूरला, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे होते. तुम्हाला तर ते जवळच आहे.

तोवर जुन्या सात गाण्यांचं एक काम उरलंय. त्यांचं मूळ फुटेज कोणाकडे आहे ते शोधा. तुमच्याकडे असेल तर दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून दोन वेगळ्या घरांत ठेवा. मग त्यातलं जे गाणं चाललं ते उघडा, गाण्याचा आवाज पूर्ण बंद करा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा नुसतं बघा.